डोंगराची अर्धी प्रदक्षिणा

ऑगस्टमधल्या एका बुधवारी माझा नवरा सातच्या एसटीने उदगीरहून मुखेडला गेला. तो तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा. साडेअकराला शाळेतून फोन आला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला लिंगायत रीतीने शेतात माती दिली.

त्यानंतर माझी सासू पलंगावरून उतरेना. तिला घरात सगळे अव्वा म्हणतात. वय अडुसष्ट. सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, जेवायची, आल्यागेल्याशी बोलायची, पण सगळं बसल्या जागी. न्हाणीपर्यंत जायचं तरी माझा खांदा लागायचा. ऑक्टोबरात तिचे पाय सुजले. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हाडांत दोष नाही. पण आजी अशाच बसून राहिल्या तर काही महिन्यांत त्यांचं चालणं कायमचं जाईल.

परतताना अव्वा गाडीत म्हणाली, "जाऊ दे. कुठं जायचं हाय आता?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. बोलून कुणाची समजूत घालणं मला कधीच जमलेलं नाही. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं माझ्या डोळ्यांसमोर बसून बसून चाललं होतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. हरिहरेश्वरहून एक बाई बोलत होत्या. त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या होत्या आणि माझ्या नवऱ्याने जूनमध्येच दिवाळीनंतरचे तीन दिवस सांगून ठेवले होते. "तिघांचं जेवण शाकाहारीच ना? कांदा-लसूण चालतो?" त्यांना एवढंच विचारायचं होतं.

हा बेत मला माहीत होता. डोंगराला वळसा घालून समुद्राच्या काठाने जाणारी एक वाट आहे, सोपी आहे, अव्वालासुद्धा जमेल, असं तो म्हणाला होता. तो असे पुष्कळ बेत करायचा, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. आता त्या बाईंना "रद्द करा" म्हणायचं मी ठरवलं आणि तोंडातून निघालं, "दोघी येतोय. कांदा-लसूण चालतो."

फोन ठेवला आणि मी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. हे दुःख नव्हे, मला जायची उत्सुकता लागली आहे, हे कळायला थोडा वेळ गेला. आधी लाज वाटली. मग मी उठून नकाशाचं पुस्तक काढलं. पुस्तकांत मी पुष्कळ समुद्र वाचले होते. पाहिला एकही नव्हता.

अव्वाने पलंगावरून सगळं ऐकलं होतं. "दोघी म्हंजे कोण?"

"तुम्ही आणि मी."

"न्हाणीत जाते तुला धरून. अन् समुद्रावर जाऊ?"

"वाट सोपी आहे, असं ते म्हणाले होते."

दिवा लावल्यानंतर तिने विचारलं, "माझं नाव घेतलं होतं का त्यानं?"

"हो. अव्वालासुद्धा जमेल म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून पाय खाली सोडले.

आमच्या हातात तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, चार दिवसांनी गल्लीच्या टोकापर्यंत, मग गावाच्या मध्यावरच्या चौबाऱ्यापर्यंत. पुढे रोज सकाळी रिक्षाने किल्ल्यावर. किल्ल्यावर म्हणते खरी, पण आमच्याकडचे किल्ले, उदगीरचा काय नि औशाचा काय, भुईकोट. चढून जायचे नसतातच, आत शिरायचे असतात. चढणीच्या नावाने तटाच्या पायऱ्या मिळाल्या, त्याच आम्ही पुन्हापुन्हा चढलो. मी तिच्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारीखाली ते घालून ती स्वतःकडे बघत राहिली.

"लेझीमच्या पथकात घातलंस मला," ती म्हणाली.

शेजारणीला हे रुचलं नाही. एका सकाळी तिने आम्हाला फाटकातच गाठलं. "मावशी, वर्ष तरी होऊ द्यायचं. लोक काय म्हणतील?"

"आपल्यात सुतक पाळत न्हाईत, म्हाईत न्हाई का तुला?" अव्वा बुटाची नाडी बघत म्हणाली. "अन् लोकांना सांग, म्हातारी पळून जायचं शिकून राहिली."

ऑगस्टनंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

उदगीरहून पुणे, पुण्याहून ताम्हिणी घाटातून श्रीवर्धन आणि तिथून पुढे. घाटात अव्वाचं कपाळ खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं आणि काचेवर विभूतीचे पट्टे उमटले होते. "एवढ्या चढणीत हे लोक विहिरी कुठं पाडतात?" तिने विचारलं. श्रीवर्धनच्या पुढे रस्ता वळला आणि एकाएकी सगळा समुद्रच समोर आला. मी तिचा हात इतका घट्ट धरला की तिने सोडवून घेतला.

"पलीकडचा काठ दिसत न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "खारंच हाय ना सगळं?"

"सगळं."

"मग काय उपयोग." पण तिने नजर काढली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सुपारीच्या बागांमधून वर जाणाऱ्या पायवाटेने गेलो. लाल माती, दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले कुंपणाचे गडगे, मग थोडा चढ आणि वर मोकळी सपाटी. तिथून खाडीचं तोंड दिसत होतं, होड्या दिसत होत्या. अव्वा दर वळणावर टेकत होती आणि मला तेवढाही धीर नव्हता. मी पुढे जाऊन बघायचे, परत येऊन तिला सांगायचे, पुन्हा पुढे जायचे. पन्नाशीच्या बाईने असं करावं का, हा विचार मनात आला तसा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डोंगराची प्रदक्षिणा. खोलीवाल्या बाईंनी बजावलं, "नऊला निघा, ओहोटी असेल. बारानंतर पाणी चढतं, मग वाट बंद."

देवळामागून वाट वर जाते आणि मग दोन कातळांमधल्या फटीत उतरते. अरुंद पायऱ्या, दोन्हीकडे उभा दगड आणि खालून वर येणारा वारा. फटीच्या शेवटी समुद्राची उभी पट्टी दिसते आणि पायरीगणिक रुंद होत जाते. अव्वा एक हात दगडाला लावून आडवी आडवी उतरली. आम्ही खाली पोचलो. लाटांनी कोरलेला जाळीदार कातळ, त्याच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात बोटाएवढे मासे. आता काठाने पंधरा मिनिटं चाललं की वाळूचा किनारा, की झाली वाट पुरी. ऑक्टोबरातला डॉक्टरांचा चेहरा मला आठवला आणि आनंदाने ओरडावंसं वाटलं.

पुढे डोंगराच्या भेगेतून पाण्याची एक धार कातळावरून समुद्राकडे वाहत होती. वीतभर रुंद असेल. मी ओलांडून गेले आणि मागे पाहिलं, तर अव्वा अलीकडेच उभी.

"चला की अव्वा. पाय दुखतोय का?"

"पिंडीचं पाणी हाय हे. ओलांडायचं न्हाई. परत फिर."

महादेवाच्या देवळात पिंडीवरचं पाणी ज्या पन्हाळीतून बाहेर जातं ती ओलांडत नाहीत. तिच्यापर्यंत जायचं, मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिच्यापर्यंत यायचं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण इथे देऊळ कुठे होतं? ते वर, डोंगराच्या पलीकडे राहिलं होतं.

जवळच्या खडकावर एक माणूस गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, "आजी, डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी आहे ते. सगळे ओलांडतात."

"अन् डोंगर कुणाचा हाय?"

त्याने जरा विचार केला. "देवाचाच म्हणतात."

"मग?"

तो गळाकडे बघू लागला. मी मात्र घाबरले. परत जायचं म्हणजे त्या सगळ्या पायऱ्या चढायच्या, आणि घड्याळात दहा वाजत आले होते. मी म्हणाले, "अव्वा, पुढे सपाट आहे, पंधरा मिनिटांत पोचू. तो चढ तुमच्याने व्हायचा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "उठवलंस तूच. अन् आता व्हायचं न्हाई म्हणतीस?"

मी धार ओलांडून परत तिच्याकडे आले.

"दोनदा चूक केलीस," ती म्हणाली आणि पायऱ्यांकडे वळली.

ती पुढे, मी मागे हात पसरून. चार पायऱ्या झाल्या की ती थांबायची. निम्म्यावर तिने दगडाला कपाळ टेकलं आणि हललीच नाही. मला वाटलं, संपलं, आता वरून माणसं बोलवावी लागणार. मग दिसलं, ती रडत होती. लेकाला माती देताना ती रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. वरून उतरणाऱ्या एका कुटुंबाला आम्ही दगडाला चिकटून वाट दिली. ते गेल्यावर अव्वाने पदराने तोंड पुसलं. "चल," ती म्हणाली, आणि राहिलेल्या पायऱ्या चढली. मी तिला एकदाही धरलं नाही.

देवळापाशी पोचल्यावर मी सरबत मागवणार होते.

"बसतीस कुठं? आता त्या अंगानं जायचं."

आम्ही किनाऱ्यावरून, कातळावरून, दुसऱ्या बाजूने पुन्हा त्या धारेपर्यंत गेलो. गळवाला अजून होता. पाणी त्याच्या पायांजवळ आलं होतं. "झाली का आजी?" त्याने विचारलं.

"झाली. तू बी ऊठ आता, पाणी येऊन राहिलं."

परत येताना लाटा आमच्या घोट्यांना लागल्या. बूट पचपचत होते. खोलीवाल्या बाई दारातच उभ्या होत्या. "पाऊण तासाची वाट आहे हो. तीन तास कुठे होता?"

"महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असती," अव्वाने सांगितलं आणि तांदळाची दुसरी भाकरी मागून घेतली.

उदगीरला आल्यावर मी ग्रंथालयात शोधलं. डोंगराच्या झऱ्याला पन्हाळीचा नियम लागतो असं मला कुठे सापडलं नाही. अव्वाला मी ते सांगितलेलं नाही. त्यानंतर आम्ही आणखी दोन सोप्या वाटा चालून आलो, एक पन्हाळ्याच्या बाजूची आणि एक पुन्हा कोकणातली.

घरात आता आम्ही दोघी आहोत. अव्वा रोज सकाळी तासभर चालते. मी तिच्यासोबत असते.