कामरगावात अणू पाहणारे साडभाऊ

अख्ख्या वऱ्हाडात स्वतःच्या घरी अणू पाहिलेला माणूस एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे. ज्याला पटत नसेल त्याने माझ्याशी वाद घालू नये. वाशीमच्या कोर्टात कारकुनी करताना जन्मभर खोट्या साक्षी ऐकल्यात मी. ही खरी आहे.

कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात नाही तर गुडघे. या गृहस्थांनी कामरगावच्या घराच्या मागच्या खोलीत टनेलिंग मायक्रोस्कोप बांधायला घेतला. नाव मायक्रोस्कोप, पण भिंग एकही नाही! असते ती एक सुई. ती वस्तूच्या इतकी जवळ न्यायची की टेकता तर कामा नये, पण मधली फट ओलांडून विजेचा बारीकसा प्रवाह गेला पाहिजे. सुई सरकत जाते, खाली अणू आला की प्रवाह वाढतो, आणि त्या चढउतारावरून लॅपटॉपवर चित्र उमटतं. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. सुई हलवायला त्यांनी काय वापरलं असेल? वाढदिवसाच्या कार्डात गाणं वाजवणारी पितळी चकती! तिला वीज दिली की ती डोळ्याला कळणार नाही इतकी वाकते. आणि सुई म्हणजे पक्कडीने तिरपी ओढून तोडलेली प्लॅटिनमची तार. "टोकावर एकच अणू पायजे भाऊ," ते म्हणत. मी विचारी, "आहे का?" तर म्हणत, "चित्र आलं तं आहे."

पाहायला ग्राफाइटचा तुकडा. त्याचा वरचा थर चिकटपट्टीने सोलायचा, दुधावरची साय काढावी तसा, म्हणजे खालचा कोरा थर उघडा पडतो. त्यामुळे त्या घरात चिकटपट्टी दुसऱ्या कोणत्याच कामाला मिळत नसे. पण खरा वैरी म्हणजे हादरा. अख्खं यंत्र फरशीवर मांडून ती फरशी मोटारसायकलच्या ट्यूबांनी आढ्याला टांगली होती, तरी कोणी दार आपटलं की चित्राचे फराटे. एकदा मला ठसका लागला तर या माणसाने, माझ्या सख्ख्या साडभावाने, मला हाताला धरून गोठ्यात नेऊन बसवलं. आमच्या मेव्हणीबाई एकदा भडकल्याच. "मिक्सर नाही, पाटा नाही, फोडणी बी हळू! अणूच खाऊन राह्यलो आमी!"

वर्षं गेली, फराट्यांपलीकडे काही दिसेना. त्यातच घरासमोरचा रस्ता रुंद व्हायला लागला. तो पुरा झाला की दिवसरात्र ट्रक धावणार. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच मला खचलेले वाटले. "रस्ता चालू झाला की संपलं भाऊ. मंग या खोलीत अणू दिसनारच नाही."

ही गोष्ट गावभर झाली आणि गाव पेटलं, चांगल्या अर्थाने. रस्ता उघडायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गिरणीवाल्याने पट्टा उतरवून ठेवला. "सर, तुमचा अणू दिसल्याबिगर गावात पीठ दळनार नाही!" जीपवाल्यांनी जीपा फाट्यावरच थांबवल्या. इथवर सगळं झकास. पण मग शांतता राखायला म्हणून सगळं गावच साडभाऊंच्या अंगणात येऊन उभं राहिलं, चपला हातात घेऊन! आत पडद्यावर फराटेच फराटे. साडभाऊ दारात येऊन ओरडले, "कोण हालून राह्यलं?"

"आमी तं चूप हाओत सर!"

चूप होतेच बिचारे. पण उभा माणूस या पायावरून त्या पायावर होतोच, आणि घरी जायला मात्र एकही जण तयार नाही. साडभाऊंनी कपाळाला हात लावला. तेव्हा मेव्हणीबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि लग्नघरातल्यासारख्या कडाडल्या, "बसा! पंगती धरा!"

काय सांगू! क्षणात अंगण ओळींनी भरलं. आणि पंगतीत बसलेला आमच्याकडचा माणूस शेवटच्याचं आटोपेपर्यंत उठत नाही, मेला तरी. समोर पत्रावळ नाही, वाढपी नाही, पण मांडी कोणाची हलली नाही.

बऱ्याच वेळाने साडभाऊ लॅपटॉप उराशी धरून बाहेर आले. तो त्यांनी पहिल्या ओळीपुढे धरला. पडद्यावर गोल गोल ठिपके, सरळ ओळींत. मी रडलो, लाज कसली त्यात! पहिल्या ओळीतली एक आजी वाकून बघत म्हणाली, "अवो, हे तं आपल्यावानीच बसले."

"यातले एक आड एकच दिसतेत आजी. मधले दबून ऱ्हायतेत."

"मंग त्यायले वाढलं का नाही कोनी?"

दुसऱ्या दिवशी रस्ता चालू झाला.

परवा मानोऱ्याला एका लग्नात वरपक्षाच्या एका शहाण्याने मला हसून विचारलं, कामरगावात कुठं अणू दिसत असतो का? माझं टाळकंच सरकलं. चांगला चारचौघांत फाडून खाल्ला त्याला. साडभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं.

"जाऊ द्या ना भाऊ. दिसला तं होता."

मग मांडवाबाहेर बघत म्हणाले, "एकडाव अजून पाहाले पायजे होता."