तिसऱ्यांदा विचारणारे जिजाजी

आमचे जिजाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी आयुष्यात कोणत्याही गोष्टीच्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सूर्य उगवला असं कोणी सांगितलं, तर खिडकीशी जाण्याआधी ते सांगणाऱ्यालाच आणखी दोनदा विचारतील. आणि मला ज्या एकाच माणसाचा आजवर मनापासून हेवा वाटला, तो माणूसही हाच. हेवा वाटण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. मी आमच्या गावातला पहिला पदवीधर, बी.एस्सी., शिवाय संगणकाचा डिप्लोमा. ते आयटीआय झालेले, दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर. पण आमचे आबा, ज्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेत बसवून ओसरीवर लावलं होतं, ते संगणकाबद्दलची शंकासुद्धा मला न विचारता जावयाला विचारायचे. मी शेजारीच बसलेलो असायचो.

तीनदा विचारायची ही सवय त्यांना कामावरून लागली असं अक्का म्हणते. तिथं फोनवरून आलेला निरोप ऐकणाऱ्याने उलट म्हणून दाखवायचा असतो, कारण ऐकण्यात चूक झाली तर मशीन बंद पडायचं किंवा माणूस जायचा. आता हा नियम वीज केंद्रापुरता ठेवायला हरकत नव्हती. जिजाजींनी तो घरी आणला. अक्काने कोथिंबीर आणायला सांगितली तर ते पायात चप्पल घालून दारात उभे राहत आणि म्हणत, "कोथमीर, एक जुडी. खरं शे का?" म्हणजे खरं आहे का. ती हो म्हणाली की, "पक्कं शे का?" आणि ती वैतागून हो म्हणाली की पिशवी खाली ठेवून, "आते मनाकडे देखीसन सांगा." माझ्याकडे बघून सांगा, या तिसऱ्या प्रश्नाला माणूस खरं बोलतो असा त्यांचा सिद्धान्त आहे. अक्का सांगते की तिसऱ्या वेळी निम्म्याहून जास्त वेळा तिला कोथिंबिरीऐवजी मेथीच हवी असल्याचं लक्षात येतं. कुणाच्या घरी नवा इन्व्हर्टर आला तर जिजाजी चहा घेण्याआधी मेन स्विच बंद करून तो चालतो का ते बघत. त्यांच्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जनरेटरची परीक्षा त्यांनीच घेतली होती. जनरेटर नापास झाला. भटजी मात्र थांबले नाहीत, त्यामुळे त्या लग्नातली दोन मंगलाष्टकं लाउडस्पीकरशिवाय झाली.

अक्काला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. आमच्याकडे मुलीला नाव विचारतात, स्वयंपाक येतो का विचारतात, फार तर चालून दाखवायला सांगतात. जिजाजींनी तिला विचारलं, लग्नाला तुमची मर्जी आहे का. ती हो म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. आबांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा त्यांनी "माझ्याकडे बघून सांगा" म्हटल्यावर अक्काने पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाली, "मर्जी आहे, पण मला दहावी करायची होती." मला धुळ्याला शाळेच्या वसतिगृहात घालायचं ठरलं, त्या वर्षी तिची शाळा नववीत सुटली होती. तेव्हा आबांनीही तिला विचारलं होतं, चालेल ना म्हणून. एकदाच विचारलं होतं. लग्नानंतर दीपनगरला जाऊन तिने दहावी केली, बारावीही केली. ज्या माणसाने हे केलं त्याचे उपकार मानायला हवेत, आणि मी मानतो. पण माझ्या बहिणीला जे मी विचारायला हवं होतं ते दुसऱ्याच कोणीतरी विचारलं, हेही मला कळत होतं. असे उपकार मानायला जड जातात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यातल्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागलो. कॉलेज शहराबाहेर होतं आणि वीज शेतांच्या लाइनवरून यायची, म्हणजे यायची त्यापेक्षा जायची जास्त. प्रयोगशाळेतला मुख्य संगणक एका यूपीएसवर चालायचा. वीज गेली की बॅटरीवर काही मिनिटं संगणक जिवंत ठेवणारी ही लोखंडी पेटी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात बनलेली होती, आणि तो कारखाना केव्हाच बंद पडला होता. पेटीच्या मागे संगणकाला जोडायची एक वायर होती. संगणकाने त्या वायरीतून विचारायचं, पेटीने सांगायचं: वीज आहे, वीज गेली, बॅटरी संपत आली. संपत आली असं कळलं की संगणकाने आपणहून सगळं आवरून झोपायचं. पण दोघांनी कुठल्या भाषेत बोलायचं याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, आमच्या पेटीपुरते कारखान्याबरोबरच गेले होते.

जगभरातली काही मंडळी अशा पेट्यांशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहीत होती. तो प्रोग्राम कोणीही फुकट घ्यावा, उघडून वाचावा, सुधारून परत पाठवावा. त्यात एक यादी होती, कोणत्या पेटीची भाषा कोणी उलगडली त्याची. जर्मनीतली नावं होती, ब्राझीलमधली होती. खानदेशातलं एकही नव्हतं. मी ती यादी इतक्या वेळा वाचली की मधली कोणती जागा आपल्याला शोभेल हेही ठरवून टाकलं. ज्या पोराला आईबापांनी आणि बहिणीने शिकवलं, त्याचं नाव तिथं लागावं एवढंच मला हवं होतं. दोन महिने मी त्या पेटीला वायरीतून अक्षरं पाठवत होतो. पेटी ढिम्म. एक चकार शब्द नाही.

दिवाळीत अक्का आणि जिजाजी माझ्याकडे आठ दिवस राहायला आले. कॉलेजला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडे होती, आणि आपण कुठे काम करतो हे दाखवायचा मोह मला आवरला नाही. जिजाजींनी वायर पाहिली आणि ती कशाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसले, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे.

"उत्तर देत नाही म्हणजे तिला ऐकू येत नाही, की तुमचं बोलणं संपलं हे तिला कळत नाही?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"आम्ही फोनवर निरोप दिला की संपला असं सांगतो. तोवर पुढचा माणूस बोलत नाही. तुम्ही हिला सांगता का?"

मी सांगत नव्हतो. म्हणजे सांगत होतो, पण माझा संगणक ओळ संपल्याची जी खूण पाठवायचा ती या पेटीला माहीत नव्हती, तिला दुसरी हवी होती. दोन महिने ती बिचारी माझं वाक्य पुरं होण्याची वाट बघत थांबली होती. खूण बदलली आणि जिजाजींच्या आज्ञेनुसार ए पासून एकेक अक्षर पाठवायला घेतलं. क्यू या अक्षराला पेटीने आकड्यांची एक ओळ फेकली. दोन महिन्यांच्या मौनानंतरचं तिचं ते पहिलं बोलणं, आणि ते माझ्याशी नव्हतं असंच मला वाटलं.

पुढचे सहा दिवस अक्का डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवायची आणि आम्ही प्रयोगशाळेत. शंभर वॉटचे दिवे एका फळीवर लावून जिजाजी एकेक चालू करत, मीटर लावून व्होल्टेज मोठ्याने वाचत, मी पडद्यावरचे आकडे वाचायचो, आणि जुळलं की ते वहीत लिहायचे. हा आकडा लाइनचा, हा बॅटरीचा, हा भाराचा, आणि शेवटची शून्यं आणि एक म्हणजे पेटीची हो किंवा नाही. प्रत्येक आकडा अर्थातच तीनदा. पाचव्या दिवशी एक अडचण आली. दुपारी शेतांतले पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज गचका खायचं, आणि पेटी घाबरून क्षणभर म्हणायची, वीज गेली, बॅटरीही संपली. संगणक लगेच तिच्यावर विश्वास ठेवून झोपी जायचा. मी हताश झालो. पेटीच सदोष आहे म्हणालो.

"सदोष नाही, भित्री आहे," जिजाजी म्हणाले. "तुमचा संगणक एकदाच का विचारतो?"

मी वीसेक ओळी लिहिल्या. संगणकाने पेटीला थोड्या थोड्या वेळाने तीनदा विचारायचं, आणि तिन्ही वेळा तेच म्हणाली तरच झोपायचं. त्यानंतर संगणक पंपांना घाबरला नाही. घरी जाताना जिजाजींनी ती वही मला दिली आणि पाठवून द्या म्हणाले, दुसऱ्या कोणाकडे अशी पेटी असेल तर कामाला येईल.

मी पाठवलं. सगळं इंग्रजीत नीट लिहून काढलं, आणि खाली नाव लिहिताना माझं एकट्याचं लिहिलं. मनात कारणं तयारच होती: ओळी मी लिहिल्या, इंग्रजी माझं, ईमेल माझा, आणि त्यांना काय, त्यांना आबा तर मिळालेच आहेत. काही आठवड्यांनी उत्तर आलं. त्या लोकांना काम आवडलं होतं. तीनदा विचारायची युक्ती तर फारच आवडली होती, ती त्यांनी इतर पेट्यांसाठीही घेतली. यादीत माझं नाव लागलं. मी ते पान छापून गावी पाठवलं आणि आबांनी ते प्रमाणपत्राशेजारी काचेत बसवलं.

उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली आणि तिला न्यायला जिजाजी. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. खापरावरची पुरणपोळी होती, आमरस होता, आणि समोरच्या भिंतीवर ते पान होतं. जिजाजींनी विचारलं, त्या लोकांनी आपलं काम घेतलं का. मी घेतलं म्हणालो.

"नाव लावलं? खरं शे का?"

"लावलं."

"पक्कं शे का?"

"पक्कं."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. पुरणपोळीचा घास हातात तसाच होता. जिजाजींनी आमरसाची वाटी पुढे केली आणि रस छान गोड आहे म्हणाले. अक्काचा वाढायचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना दोन प्रश्नांवर थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. दहावी-बारावी झालेली माझी बहीण, तिला इंग्रजीतली नावं वाचता येत होती. आयटीआयवाल्यांनाही ती वाचता येतात, हे मी पान पाठवताना कसं विसरलो कोण जाणे.

त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो किंवा खरं, पण प्रकरण तिथं मिटलं असतं. त्यांनी मला सोडून दिलं. मला सोडून देण्याएवढा मोठेपणा त्यांच्याकडे होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला. धुळ्याला परत आल्यावर मी ईमेल लिहिला. पहिल्या मसुद्यात जिजाजींनी "मदत केली" असं होतं. दुसऱ्यात आम्ही "मिळून" केलं असं होतं. तिसऱ्यात मी जे घडलं ते लिहिलं, की पेटीची भाषा माझ्या बहिणीच्या यजमानांनी उलगडली, तीनदा विचारायचं त्यांनीच सुचवलं, मी फक्त ते टंकलं आणि नाव माझं लावलं. तिकडच्या माणसाने एका ओळीत उत्तर दिलं की दुरुस्त करतो.

नवं पान घेऊन मी दीपनगरला गेलो. वर त्यांचं नाव, खाली माझं. जिजाजींनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"खरं शे का?"

मी हो म्हणालो.

"पक्कं शे का?"

"पक्कं."

त्यांनी चष्मा काढला. "आते मनाकडे देखीसन सांगा."

मी बघितलं आणि सांगितलं. एवढं हलकं मला पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "पण तुमनं नाव खाले का बरं? वीस ओळी तं तुम्ही लिख्यात." यावर काय करायचं असतं मला कळत नाही. अशा माणसाचा हेवा करणं थांबवावं म्हटलं तरी तो थांबवू देत नाही. अक्काने ते पान स्वतः वाचलं, मोठ्याने, आणि मग आत जाऊन चहा टाकला. गावी आबांनी जुनं पान काढून नवं लावलं आणि गावातल्या येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने वरचं नाव दाखवायला लागले. खालचं नाव दाखवायला त्यांचं बोट पोचायचं नाही, असं ते सांगत.

जिजाजी आता निवृत्त होऊन त्यांच्या गावी राहतात. ती पेटी भंगारात गेली, त्या जातीच्या पेट्या आता कोणाकडे असतील असं वाटत नाही, पण ड्रायव्हरच्या यादीतून नावं कोणी काढत नाही. मी अधूनमधून उघडून बघतो. वरचं नाव वरच आहे. दर रविवारी त्यांचा फोन येतो. कसे आहात विचारतात, मी बरा आहे म्हणतो. पक्कं शे का म्हणतात, मी पक्कं म्हणतो. मग क्षणभर थांबून ते तिसरा प्रश्न विचारतात. फोनवर त्यांच्याकडे बघता येत नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी खिडकीबाहेर, त्यांचं गाव जिकडे आहे तिकडे बघतो, आणि कसा आहे ते सांगतो.