श्ट्रुडेलमध्ये अंडं आहे का?

वनू, तू माझी धाकटी बहीण, बुऱ्हाणपुरात आपल्या बुधवारा पेठेतच राहिलीस आणि मी लग्न होऊन जर्मनीला निघाले, म्हणून तुला लिहिते. परदेशी गेलेल्या आपल्या चुलतबहिणींनाही वाचायला दे. बुऱ्हाणपूरच्या फलाटावर आईनं केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या माझ्या बॅगेत कोंबल्या होत्या, आठवतं? गाडी सुटायला आली तरी तिचं एकच चालू, “बाई, जर्मनीत सगळ्यात अंडं नाहीतर दारू घालतात. गोड दिसलं की लगेच तोंडात टाकू नको. पक्कं ना?” मी म्हटलं, पक्कं.

आपल्याकडे सफरचंद म्हणजे दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना न्यायचं फळ. इथं त्याचं काय काय करतात! भाषेच्या सरकारी वर्गात पोलंडची बाई शार्लोत्का नावाचा केक आणायची, तुर्कस्तानची बाई सफरचंद भरलेली बिस्किटं. मी प्रत्येकीला विचारायचे, “अंडं? दारू?” त्या हसायच्या. हसल्या की माझा संशय आणखी पक्का.

समोरच्या दारात हेल्गाबाई राहतात. तेव्हा सत्तरीच्या, एकट्या. दर शनिवारी श्ट्रुडेल आणून द्यायच्या. पातळ पारीत गुंडाळलेलं सफरचंद, दालचिनी, मनुका. वास असा की जीव कासावीस व्हायचा. पण मनुका टम्म फुगलेल्या! रममध्येच भिजवल्या असणार. नवरा म्हणायचा, “खा ना, मी सांगितलंय त्यांना.” त्याचं काय घेऊन बसलीस, हॉस्टेलात ऑम्लेट हाणून आलेला माणूस. मी गुपचूप सगळं खाली कचऱ्यात टाकायचे. आणि रिकामी बशी परत कशी द्यायची, म्हणून तीत आईचे वेफर्स भरून द्यायचे. हेल्गाबाईंना वाटलं, हिला फारच आवडतंय. पुढच्या शनिवारी तुकडा मोठा!

इथं ओल्या कचऱ्याचा अख्ख्या बिल्डिंगला एकच डबा. एकदा मी झाकण उघडलं, बशी उपडी केली आणि वळून बघते तर त्या मागे उभ्या. डब्यात डोकावल्या आणि तशाच जिना चढून गेल्या. शनिवार आला, बेल वाजली नाही. जिन्यात दिसल्या की मान वळवायच्या. त्या गावात माझ्याशी आपणहून बोलणारं ते एकच माणूस, आणि ते मी स्वतःच्या हातानं घालवलं. रडू यायचं गं. तरी मन म्हणायचंच, पण रम असली तर?

तीन आठवड्यांनी मीच बेल वाजवली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आईला दिलेला शब्द सांगितला. म्हटलं, माझ्यासमोर करा. “या,” त्या कडक आवाजात म्हणाल्या, “नीट बघा.” मैदा, तेल, पाणी, वरून लोणी. मनुका कोमट पाण्यात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमच्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्यासाठी मी वेगळं करत होते.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्याशी उभ्यानंच खाल्लं, रडत रडत.

याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या खेपेला माहेरी आले, तर तुम्ही मला पाहुणीसारखं वाढलंत. ताटात पुरणपोळी उरली तरी कुणी रागावलं नाही. मला ते लागलं, वनू. आता घर म्हटलं की मला हेल्गाबाईंचं टेबल आठवतं, काय करू? त्यांचा अजून माझ्यावर विश्वास नाही. श्ट्रुडेल घरी नेऊ देत नाहीत. समोर बसवतात, आणि शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात.