डब्यात उरलेला करंट

जिन्याखालच्या अरुंद खोलीत तीस वर्षं कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे एकहात्या म्हणत. हात दोन्ही धड होते. पण सप्लायचा पत्र्याचा डबा उघडला की त्याचा डावा हात जो खिशात जाई, तो काम संपेपर्यंत बाहेर येत नसे. एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हातातून बाहेर पडतो आणि वाटेत काळीज लागतं, एवढं विज्ञान त्याला शाळेवाचून कळलं होतं. तोंड मात्र दोन माणसांचं. जुनं झालं, नवीन घ्या, असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरे. मग समोर सख्खा मेहुणा का असेना, उद्या ताप आला तर तुलाही बदलून आणू का, असं तो तोंडावर विचारी.

शनिवारी दुपारी एक बाई हातगाडीवर जुना कॉम्प्युटर घालून आली. तिचा नवरा दगडाची पूड दळणाऱ्या कारखान्यात हजेरी लिहायचा. ती लिहिता लिहिता कोण कधीपासून खोकतंय, याची यादीही त्याने घरी या कॉम्प्युटरवर केली होती. आठ महिन्यांपूर्वी तोही खोकूनच गेला आणि त्याच दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. सोमवारी सुनावणी होती. आजारी कुणी नाहीच, असं कारखान्याचं म्हणणं. आणि यादी आत अडकलेली. दोन दुकानांनी तिला वाटेला लावलं होतं. या जातीचा सप्लाय आता मिळत नाही, नवा याला बसत नाही, आणि आतली डिस्क नव्या मशीनला वाचता येत नाही.

एकहात्याने त्या दोन्ही दुकानदारांचा उद्धार केला, डबा उघडला आणि डावा हात खिशात घातला. आत करडी पूड साचली होती. अशा डब्यातला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही थोडा वेळ करंट धरून ठेवतो, म्हणून तो आधी त्याला बल्ब लावून रिकामा करी. आठ महिने पडून असलेल्या डब्यात काय उरणार? तरी सवयीने त्याने बल्बच्या तारा टेकवल्या.

बल्ब लखकन पेटला आणि विझला.

त्याने पुन्हा टेकवल्या. पुन्हा पेटला. तिसऱ्यांदाही. वायर कुठे लागली आहे का, म्हणून त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. वायर बाईच्या मांडीवर होती, गुंडाळलेली.

"यांचं असंच होतं," बाई शांतपणे म्हणाली. "एकदा सांगून ऐकायचे नाहीत."

एकहात्याने देवापुढेही कधी मान तुकवली नव्हती. पण तो खाकरला आणि डब्याला म्हणाला, "साहेब, यादी सोमवारी पोचवतो. आता मला काम करू द्या."

चौथ्यांदा बल्ब पेटला नाही.

फुगलेले दोन कपॅसिटर त्याने बदलले, तडकलेला जोड नव्याने झाळला, पंख्यातली पूड ब्रशने झाडली. तासाभरात कॉम्प्युटर सुरू झाला. यादी उघडली. नाव, पाळी, खोकला कधीपासून. बाई एकेका नावावर बोट ठेवत खाली आली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"हा नाही," ती म्हणाली. "हा आमच्या शेजारचा. तीन महिन्यांपूर्वी गावाहून आला आणि कारखान्यात लागला. यांनी त्याला पाहिलंसुद्धा नाही."

त्या ओळीत खोकल्याच्या रकान्यात कालची तारीख होती. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती, एखाद्या भरलेल्या छातीसारखी. एकहात्याने हळूच विचारलं, "ताई, ही ओळ काढू? त्यांचा वकील एवढ्यावरून सगळी यादी खोटी पाडेल."

तिने त्या ओळीवरचं बोट उचललं.

"वरच्या नावांची यादी छापा. हे नाव त्यात नको," ती पदर खोचत म्हणाली. "पण इथलं पुसू नका. मी त्याच्या घरी जाते. काल सकाळी त्याची बायको माझ्याकडे मध मागायला आली होती."

एकहात्या छापायला बसला. बाईचा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, चालणं जवळजवळ धावणं होतं.