खिशातली नळी

आईच्या किडन्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून आमच्या अमरावतीच्या घरी दर महिन्याला लॅबमधला एक मुलगा रक्त न्यायला येतो. सुई टोचताना तो आईच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हाताशीच बोलतो, "झालं बरं, झालं." मग रक्ताची नळी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवतो. मला ते मुळीच आवडायचं नाही.

मे महिन्यात एकदा तो नळी टेबलावरच विसरला. उकाड्यात रक्त नासेल म्हणून मी ती फ्रिजमध्ये सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीशेजारी ठेवली. तीन तासांनी तो धावत आला. मी फ्रिजमधून काढून दिलेली गार नळी त्याने हातात फिरवून पाहिली.

"फ्रिजात काहून ठेवली, ताई?"

"खराब होऊ नये म्हणून."

"पोटॅशियम पेशीच्या आत राहते. बाहेर आलं का पेशीचा पंप त्याले परत आत ओढते. थंडीनं तो पंप मंद होते. आता रिपोर्टात पोटॅशियम उगाच जास्त येईन, अन् डॉक्टर आजीले भरती करतीन."

"पण रक्त तर नळीत आहे. तिथे कसला पंप चालतो?"

"पेशी जित्या हायेत ना अजून."

मला काही कळेना. "माही चूक झाली, आजी," असं आईच्या हाताला सांगून त्याने पुन्हा रक्त काढलं. नवी नळी खिशात घातली, वर तळहात ठेवला आणि गेला.

जुनी नळी टेबलावरच विसरला. ती आता कामाची नाही, एवढं मला समजत होतं. तरी मी ती मुठीत धरून ऊब देत बसले.