खेळातली दवंडी

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. एकोडीच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण झालेली चूक माझीच होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात तीन आठवडे अंगणवाडीत सराव करावा लागतो. मला अड्याळच्या पुढचं, तलावाच्या काठचं एक गाव मिळालं. विषय होता 'आपल्या गावातली माणसं'. तो पाटीवर शिकवायचा नव्हता. मुलांनीच ती माणसं व्हायचं आणि त्यांची कामं करून पाहायची. मी पोस्टमनची पिशवी आणि डॉक्टरची नळी पुठ्ठ्याची करून नेली होती. मुलांनी पिशवी उलटी करून पाहिली, आत काही नाही म्हणून बाजूला ठेवली. पाच वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "सर, कोतवाल नाही का? मंग गावाले समजते कसं?"

ती गावात दवंडी देणाऱ्या कोतवालाचीच नात होती. दुसऱ्या दिवशी ती आजोबांचं खरं डफडं घेऊन आली, आणि त्याच्यामागे सगळं गाव उभं राहिलं. कुणी सरपंच झालं, कुणी रेशन दुकानदार, एक जण तर हरवलेली शेळी. मी इतका खूश झालो की अंगणवाडीच्या ताईंनी फाटक लावून ठेवायला सांगितलं होतं तेही विसरलो. खेळ गावाशी जोडलेला असावा, असं आमच्या वहीत लिहिलेलं होतं. कॉलेजच्या मॅडमना व्हिडिओही दाखवायचा होता. मीच फाटक उघडून तिला म्हणालो, कोपऱ्यापर्यंत जाऊन ये.

ती डफडं वाजवत निघाली आणि आजोबांसारखाच सूर लावून ओरडली की उद्या सकाळी तलावाचं पाणी सुटणार आहे. मी मागून मोबाईल धरून चाललो होतो.

कोतवालाला दोन दिवसांपासून ताप होता, हे गावाला माहीत होतं. त्यामुळे नात दवंडी देते याचं कुणाला नवल वाटलं नसावं. ज्यांनी मागे मला पाहिलं ते हसले. पण कोपऱ्यावरच्या घरातली आजी आत होती. तिनं फक्त डफडं आणि हाक ऐकली. तिची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तलावातून येणाऱ्या नहराच्या अगदी टोकाला, आणि रोवणीच्या बाया तिला दुसऱ्या दिवसापुरत्याच मिळाल्या होत्या. त्याच दुपारी तिनं सुनेला घेऊन धानाचे सगळे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, उपटले आणि जुड्या बांधून ठेवल्या.

सकाळी नहर कोरडा. आजी आधी कोतवालाकडे गेली, दवंडी खेळातली होती हे तिला तिथं कळलं, मग एक जुडी हातात घेऊन अंगणवाडीत आली. मुलगी ताईंच्या मागे लपली. उपटलेले पऱ्हे पाण्याशिवाय किती टिकतात हे मला कॉलेजानं नाही, घरानं शिकवलं होतं.

"आजी, पोरीची चूक नाही," मी म्हणालो. "मीच तिले बाहेर जाऊ देलो."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कॉलेजात हेच शिकवतेत का रे बापू?" तिनं हातातली जुडी माझ्यापुढे धरली. "मंग उभा काहून आहेस? जुड्या उचलू लाग."

तिची सून, ताई आणि मी मिळून सगळ्या जुड्या तलावाच्या काठाला, झाडाच्या सावलीत, मुळं पाण्यात राहतील अशा लावल्या. तीन-चार दिवस तगतील, असं आजी म्हणाली. मी पाणीवाटप समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण एका बांधीसाठी तलाव उघडता येत नाही, दोन दिवसांनी बैठकीत बघू, एवढंच म्हणाले.

बैठकीच्याच दिवशी माझा सराव संपला. मुलीनं तोवर डफड्याला हात लावला नव्हता. निघताना तिनं मला हळूच विचारलं, "सर, माह्यानं आजीचा धान मरन का?" नाही, असं म्हणायला हवं होतं. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, मले माहीत नाही.

भंडाऱ्याला परतल्यावर मॅडमना मी व्हिडिओ दाखवला आणि पुढचंही सांगितलं. मग रोज फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. ताईंना विचारायचा धीरच होत नव्हता.

बारा दिवसांनी त्यांनीच फोन केला. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं होतं. दवंडी कोतवालानं दिली, नात बरोबर होती, आणि आजीच्या दारासमोर डफडं तिनं वाजवलं. आजीनं बाहेर येऊन आधी कोतवालाचं तोंड पाहिलं, मगच खरं मानलं. मी मध्येच विचारलं, आणि पऱ्हे?

"आजीनं निरोप देला आहे," ताई म्हणाल्या. "त्या कॉलेजवाल्याले सांगजो, दोन जुड्या वाळल्या. बाकी साऱ्या लागल्या, बांधी हिरवी झाली."