गयासुद्दीन पेंटर आणि चष्म्यातली बंडी

अकोल्याचा गयासुद्दीन पेंटर चाळीस वर्षं बैलबंड्या रंगवत होता. बंडीच्या फळ्यांवर बाहेरून वाघ, पोपट, कमळ. आतल्या बाजूला मात्र, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, त्या बंडीच्या बैलांची नावं. लाख्या, चांद्या, हौशा, पाखऱ्या. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. "ज्यानं ओढली त्याचं नाव नको का?" एवढंच म्हणायचा.

पुढे लागोपाठ नापिकीची वर्षं आली. मोर्शीकडे, दर्यापूरकडे लोकांनी बैल बाजारात नेले आणि बंड्या फोडून चुलीत घातल्या. गयासुद्दीन गावोगाव फिरून आपल्या फळ्या मागून आणू लागला. अडतीस जमल्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा २०१४ साली त्यानं त्या अमरावतीच्या एका खासगी कलासंग्रहालयाला देऊन टाकल्या. अट एकच घातली: दोन्ही बाजू दिसतील अशा उभ्या करा. संचालक केशवरावांनी लगेच मान डोलावली.

चार वर्षांनी पत्रिका आली, 'डिजिटल दालना'च्या उद्घाटनाची. गयासुद्दीन मुलीला, कहकशाँला, घेऊन एसटीनं गेला. दालनात एकही फळी नव्हती. काळे पडदे, फिरत्या खुर्च्या आणि डोळ्यांवर बांधायचे जाड चष्मे. हे सगळं उभं करणाऱ्या सीमा नावाच्या मुलीनं त्याच्या डोळ्यांवर चष्मा बांधला.

"चाचा, आता तुम्ही तुमच्याच बंडीत बसलात."

बसला होता खरा. समोर बैल चालत होते, दोन्हीकडे कमरेएवढी पराटी, कापसानं पांढरी झालेली. त्यानं मान वळवून फळीच्या आत पाहिलं. नुसतं गुळगुळीत लाकूड. आणखी वाकला तर कपाळ टेबलावर आपटलं. मागे कोणीतरी हसलं.

त्यानं चष्मा काढला. "नावं कुठी हायेत?"

"कोणती नावं?"

"बैलायची. फळीच्या आतून."

"आतली बाजू घेतली नाही, चाचा. प्रेक्षक तिकडे बघत नाहीत."

"मी पाह्यलं ना. आन हे वावर कोणाचं हाये? त्या सालांत एवढी पराटी कोणाले झाली होती?"

"ते कॉम्प्युटरवर बनवलंय. लोकांना प्रसन्न वाटायला हवं."

"काहून वाटाले पायजे?"

केशवराव मध्ये आले. "फळ्या आता कायमच्या जतन झाल्यात. लाकडाचं एवढं काय घेऊन बसलात?"

"मले दाखवा," गयासुद्दीन म्हणाला आणि जागचा हलला नाही.

फळ्या जिन्याखालच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून पडल्या होत्या. वर चष्म्यांचे रिकामे खोके. कहकशाँनं खोके उचलले. सात फळ्या वाळवीनं पोखरल्या होत्या. त्यातली एक हातातच भुगा झाली.

"मला माहीत नव्हतं," सीमा दारातून म्हणाली.

"म्हायीत करून घेतलं नाई," तो म्हणाला.

त्यानं फळ्या परत मागितल्या. केशवरावांनी त्याच्याच सहीचं दानपत्र पुढे केलं. मग गयासुद्दीन दर सोमवारी अमरावतीला जाऊ लागला. तिकीट-खिडकीपाशी उभा राहून येणाऱ्याला सांगायचा, "अंदर बंडी नाई, बंडीचं सोंग हाये." चौकीदारानं दोनदा दंडाला धरून बाहेर काढलं. तिसऱ्या सोमवारी तो पुन्हा हजर. आठ महिन्यांनी केशवराव कंटाळले. फळ्या न्या म्हणाले, पण चित्रांचे हक्क कायम आमचेच राहतील असं लिहून द्या.

"अब्बा, दस्तखत मत करो," कहकशाँ म्हणाली.

त्यानं केली. "ठेवा म्हणा ते चित्र. तसंही ते माह्यं नाई."

एकतीस फळ्या अकोल्याला आल्या, अंगणातल्या टिनाखाली उभ्या राहिल्या. पाहायला फारसं कोणी येत नाही. अमरावतीच्या दालनात मात्र शाळांच्या सहली रांग लावतात.

पुढच्या वर्षी सीमा एकटीच आली. फळ्यांच्या राहून गेलेल्या आतल्या बाजूचे फोटो घ्यायचे होते, माफीही मागायची होती. गयासुद्दीननं तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. त्याच्या बायकोनं, हलीमाबीनं, तिला बाहेरच पाणी दिलं. ती गेल्यावर म्हणाली, "लडकी बुरी नै है."

"नै होएंगी," तो म्हणाला आणि त्यानं फाटकाला कडी घातली.